एकोणिसाव्या पानावर अडकलेली ‘काजळमाया’

पत्राचा सारांश: पत्र एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं आहे, वय ६१. कॉलेजात असताना कोल्हापूरच्या वसतिगृहात एका रात्री वीज गेली, तेव्हा खोलीतल्या मित्राने कंदिलाच्या उजेडात जी. ए. कुलकर्णींची एक कथा मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हापासून जी. ए. हे यांचं दैवत. निवृत्तीनंतर ते पुण्याला मुलाकडे राहायला आले. सुनेच्या वाढदिवसाला त्यांनी जी. एं.च्या ‘काजळमाया’ या कथासंग्रहाची नवी कोरी प्रत दिली, आत पानभर मजकूर लिहून. दीड वर्ष झालं, पुस्तकातली खूण १९व्या पानावरून हललेली नाही. सोसायटीत दर रविवारी सकाळी दहाला वाचनकट्टा सुरू केला. पहिल्या रविवारी १४ जण आले, पाचव्या रविवारी ३. ‘काका, जरा हलकंफुलकं घ्या ना,’ असं एकीने जाता जाता सुचवलं, ते त्यांना लागलं. पत्नी तीस वर्षं दिवाळी अंक आणि गूढकथांच्या पलीकडे जात नाही, सून मोबाइलवर इंग्रजी रहस्यकथा वाचते, मुलगा कानात काहीतरी खुपसून ऑफिसला जातो. ते विचारतात: लोकांची अभिरुचीच संपली का? की आपलं आवडतं आपण आपल्यापाशीच ठेवावं?

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आधी शेजारी शेजारी ठेवू. मित्राने तुम्हाला कथा वाचून दाखवली. तुम्ही सुनेला पुस्तक दिलं. तुमच्यापर्यंत जी. ए. पोचले ते कानांनी, तासाभरात, एकाच कथेतून; आणि कष्ट सगळे मित्राचे होते. कथा त्याने निवडली, घसा त्याने कोरडा केला, कंदीलही बहुधा त्यानेच धरला. तुम्ही अंथरुणावर पडून होतात. सुनेच्या वाट्याला मात्र अख्खा संग्रह आला, वर तो किती थोर आहे हे सांगणारं पानभर हस्ताक्षर. ते वाचल्यावर ‘मला नाही जमलं’ म्हणायची सोय तिला राहिली नाही. सासऱ्यांच्या दैवताला नाही कोण म्हणणार? मग खूण आहे तिथेच राहते आणि पुस्तक कपाटात मागे सरकतं.

खूण १९व्या पानावर आहे याचा अर्थ तिने पुस्तक उघडलं होतं, हे तुमच्या नजरेतून सुटलं. ती एकोणीस पानं तिने तुमच्यासाठी वाचली.

आता पुस्तकाविषयी. ‘काजळमाया’ १९७२ची. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’ यांच्यानंतरचा हा पाचवा संग्रह. इथवर येईपर्यंत जी. एं.ची शैली प्रतिमांनी गच्च झाली आहे, परिच्छेद लांब झाले आहेत, आणि माणसं नियतीवर जाऊन आदळतात तेव्हा वाचणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही. तुम्ही या घरात चाळीस वर्षं वावरताय, कुठली फरशी हलते ते तुम्हाला ठाऊक आहे. नव्या माणसाला तुम्ही माजघरात नेऊन सोडलंत आणि दिवा मालवलात.

दुसरी शक्यता अगदी साधी आहे. सूनबाईंचं शिक्षण कोणत्या माध्यमातून झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण इंग्रजीतून झालं असेल किंवा गेली दहा वर्षं त्या रोज इंग्रजीच वाचत असतील, तर देवनागरीवरचा डोळ्यांचा वेग उतरलेला असतो. मराठी उत्तम बोलणाऱ्यांचंही असं होतं. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाच्या एका पानावर साधारण २८० ते ३०० शब्द असतात. सराईत वाचक ते दीड मिनिटात मनात वाचतो. सवय मोडलेल्याला चार मिनिटं लागतात, आणि त्या चार मिनिटांत वाक्याचं शेपूट हाती येईतो डोकं निसटलेलं असतं. त्याला वाटतं पुस्तक जड आहे. खरं तर जोडाक्षरं जड झालेली असतात. हे वाचणाऱ्या इतरांनीही स्वतःवर करून पाहावं: एखादं मराठी पान घड्याळ लावून वाचा. तीन मिनिटांच्या वर वेळ गेला तर सुरुवातीचे दोन महिने छोट्या परिच्छेदांची, भरपूर संवादांची पुस्तकंच घ्या. रोज दहा पानं, नेमाने. वेग परत येतो.

मग जी. एं.कडे जायची वाट कोणती? त्यांच्याच ‘पिंगळावेळ’मध्ये (१९७७) ‘कैरी’ आहे. लहान मूल, मावशी, तिचं घर. जी. एं.चा काळोख तिथे पुरेपूर आहे, पण तो मुलाच्या नजरेतून झिरपत येतो, त्यामुळे नवख्याला पेलतो. त्याच संग्रहात ‘ऑर्फियस’ आणि ‘स्वामी’ही आहेत. त्या पहिल्यांदा देऊ नका. ‘रमलखुणा’ तर मुळीच नको. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत, तिथे पोचायला आधीचा रियाज लागतो. ‘कैरी’च्याही आधी एक पायरी हवी असेल तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ (१९९४) घ्या. त्यातल्या लंपन या मुलाची भाषा कानडी वळणाची, बेळगावकडची. जी. एं.चं बालपण बेळगावात गेलं आणि पुढे ते धारवाडला इंग्रजी शिकवत होते. मुलखाची हवा ओळखीची झाली की ‘कैरी’पर्यंतचं अंतर निम्मं होतं. ‘कैरी’वर अमोल पालेकरांनी २००० साली चित्रपट केला आहे. तो कथा वाचून झाल्यावर दाखवा. आधी पाहिला तर कथेतले चेहरे वाचणाऱ्याचे उरत नाहीत. घरात नातवंड असेल तर जी. एं.चीच ‘बखर बिम्मची’ तुम्ही स्वतः त्याला वाचून दाखवा. सूनबाई शेजारच्या खोलीत असल्या तरी चालेल.

तुम्ही ज्यांना मानता त्यांनी स्वतः आपला आवडता लेखक इतरांपर्यंत कसा पोचवला, तेही बघा. कॉनराड रिश्टर या अमेरिकन कादंबरीकाराची त्रयी जी. एं.ना आवडली. त्यांनी ती कुणाच्या वाढदिवसाला दिली नाही. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा तिन्ही कादंबऱ्या वाक्यावाक्याने मराठीत आणल्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांना बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू आवडत होते. त्यांनी रंगमंचावर बसून त्या कविता लोकांना वाचून दाखवल्या. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी तर गावोगाव हिंडून कथा सांगितल्या, आणि जे लोक पुस्तक विकत घेणार नव्हते त्यांनी त्या ऐकल्या. आवडता लेखक दुसऱ्याला द्यायचा तर निम्मं ओझं देणाऱ्याने उचलायचं असतं. तुम्ही पुस्तकाची किंमत दिलीत, ओझं सगळं सुनेच्या डोक्यावर ठेवलंत.

इथे ‘दिवाळी अंकांच्या पलीकडे जात नाही’ या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा मोठा भाग आधी अंकांत छापला गेला आणि मग पुस्तकांत गेला. जी. एं.च्या कितीतरी कथा पहिल्यांदा ‘सत्यकथा’ मासिकात आल्या. म्हणजे अंक चाळणाऱ्या माणसांनीच जी. ए. सर्वांत आधी वाचले, तुम्ही वसतिगृहात ऐकायच्या कितीतरी आधी. तीस वर्षं दर दिवाळीला चार अंक म्हटले तरी तुमच्या पत्नीच्या वाचनात हजारावर कथा जमल्या असतील. कथा कुठे फसते हे त्यांना तुमच्याइतकंच कळत असणार. त्यांना आजवर कुणी विचारलं नाही, एवढंच. गूढकथा वाचणाऱ्याला तर अंधाराची सवय असते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचणारं माणूस जी. एं.च्या उंबरठ्यावरच उभं असतं.

आता ‘हलकंफुलकं’. हा शब्द ऐकून तुम्ही दुखावलात, पण त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असू शकतात: कथा लांब वाटली, कथा उदास वाटली, किंवा कथेवरचं तुमचं बोलणं लांब वाटलं. त्या बाईंना गाठून विचारा, कारण प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे. (तिसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. वाचनकट्टे बंद पडतात त्यांतले बरेच संयोजकाच्या बोलण्यानेच पडतात.) आणि हलकं म्हणजे कमअस्सल, हा हिशेब मराठीत तरी चालत नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ साली ‘काजळमाया’ला मिळाला, तोच १९६५ साली पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला मिळाला होता. त्यातला अंतू बर्वा ऐकून कुणी नुसतं हसून उठतं का?

कट्ट्याची बांधणीच बदलू. रविवारी सकाळी दहाची वेळ घराघरांत मटणाची, भाजीची आणि राहिलेल्या झोपेची असते. संध्याकाळी साडेपाच ठेवा. दर आठवड्याला नको, पंधरवड्याला ठेवा. बैठक सव्वा तासाची, आणि सव्वा तास झाला की उठायचंच, चर्चा रंगली असली तरी. रंगात असताना उठलेली माणसं परत येतात. कुणीही घरून काहीही वाचून यायचं नाही, हा पहिला नियम. ‘पुढच्या वेळी अमुक पुस्तक वाचून या’ म्हटलं की ज्यांचं वाचून होत नाही ती माणसं लाजेपोटी येतच नाहीत. चौदाचे तीन बहुतेक असेच झाले असतील.

कथा बैठकीतच मोठ्याने वाचायची. एक पान मोठ्याने वाचायला साधारण अडीच ते तीन मिनिटं लागतात, म्हणजे १२ पानांना ३० ते ३६ मिनिटं. त्याहून मोठी कथा असेल तर प्रसंग संपतो तिथे तोडून दोन बैठकांत घ्या. वाचणारे दोन असावेत, मध्ये एकदाच बदलायचे. प्रत्येकी एक परिच्छेद असा शाळेतला प्रकार अजिबात नको. त्यात सगळ्यांचं लक्ष आपला नंबर कधी येतो याकडे लागतं, आणि ज्याला अडखळायला होतं तो पुढच्या बैठकीला फिरकत नाही. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्याने वाचून पाहावं, लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारावी, अनोळखी शब्द विचारून ठेवावेत. बोलीतले संवाद नाटकी काढू नयेत. बोली येत नसेल तर सरळ वाचावं, ऐकणारा ती मनात बसवून घेतो. खुर्च्या रांगेत मांडू नका, अर्धगोल करा आणि डोक्यावरचा पंखा एक घर कमी करा. साठीपुढच्या माणसांना पंख्याखाली निम्मे शब्द ऐकू येत नाहीत, आणि ते तसं सांगत नाहीत.

वाचून झालं की दोन मिनिटं गप्प बसू द्या. मग ज्याला कथा आवडली नाही त्याला आधी बोलू द्या. आवडलेल्यांनी सुरुवात केली की बाकीचे मान डोलावतात आणि विषय संपतो. ‘लेखकाला काय म्हणायचंय?’ हा प्रश्न नववीच्या प्रश्नपत्रिकेत ठेवून या. ‘ऐकताना तुमचं लक्ष कुठे उडालं?’ किंवा ‘कोणत्या माणसाचा राग आला?’ असं विचारा, लोक खुर्ची पुढे ओढतात. तुम्ही शेवटी बोला, तीन मिनिटं, घड्याळ लावून.

निवड आळीपाळीने, चिठ्ठी टाकून. ज्याची पाळी त्याची कथा, तिला कुणी नकार द्यायचा नाही. तुमची पाळी सहाव्या बैठकीला. पहिल्या बैठकीसाठी माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधलं (१९४९) एखादं व्यक्तिचित्र, ‘धर्मा रामोशी’ किंवा ‘झेल्या’, हमखास चालतं. आटोपशीर आहे, एकही वाक्य सैल नाही, आणि संपल्यावर गावाकडची निदान दोन माणसं श्रोत्यांना आठवतात. दुसरीला मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा शंकर पाटलांची ‘धिंड’. तिसरी-चौथी बैठक इतरांची. त्यांतली एक तुमच्या पत्नीची असू द्या, गूढकथाच असू द्या, आणि वाचायलाही त्यांनाच बसवा. पाचवीला ‘वनवास’मधली एखादी कथा, तोडून. सहावीला ‘कैरी’. ती घरी घड्याळ लावून वाचून बघा, लांबली तर सहावी आणि सातवी. आठ माणसं टिकली की कट्टा टिकला. चौदा हा आकडा विसरून जा.

एक पथ्य पाळा: व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरवू नका. मराठीत एका आवृत्तीच्या पाचशे-हजार प्रती निघतात, त्यातल्या वीस-पंचवीस अशा बुडाल्या तर पुढची आवृत्ती लांबते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. जी. ए. १९८७ साली गेले, म्हणजे २०४७ अखेरपर्यंत. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यामुळे त्यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ २०२४ च्या १ जानेवारीपासून मोकळे झाले आहेत. झेरॉक्स वाटायचीच हौस असेल तर त्यांच्या कथा वाटा. बाकी पुस्तकांसाठी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा आणि ग्रंथपालाशी ओळख वाढवा. कपाटात कोणतं पुस्तक वर्षानुवर्षं कुणी हलवलेलं नाही हे त्यांनाच माहीत असतं, आणि चांगल्या कथा बऱ्याचदा तिथेच असतात.

घरातल्यांकडे येऊ. मुलगा कानात काय घालतो ते तुम्ही विचारलेलं दिसत नाही. कदाचित पुस्तकच असेल. मराठी पुस्तकं ऐकण्याची सोय आता स्टोरीटेलसारख्या अॅपवर आहे, आणि पुण्याच्या वाहतुकीत रोजचा तास-दीड तास सहज मिळतो. त्याला सुरुवातीला विनोदी किंवा संवादांवर चालणारं काही सुचवा. प्रतिमांनी भरलेलं गद्य ऐकताना मागे जाऊन वाक्य पुन्हा बघता येत नाही, आणि सिग्नल सुटला की धागाही सुटतो.

सुनेकडून तुम्ही पुस्तक मागा. तिला आवडलेल्या रहस्यकथांपैकी एक, तिच्या निवडीची. पूर्ण वाचा, आणि कुठे अडलात, खुनी कोण वाटला, कुठे फसलात ते तिला सांगा. ‘बरी आहे, पण…’ म्हणू नका. त्या ‘पण’मध्ये तुमची सगळी अभिरुची एकदम तिच्या अंगावर येईल. तिची तीन पुस्तकं झाल्याशिवाय आपलं एक पुढे करू नका. मग देताना संग्रह देऊ नका, एक कथा द्या: तुमची जुनी, हाताळलेली प्रत, जी टेबलावर आपोआप उघडी राहते, त्या कथेच्या पहिल्या पानात कागदाची पट्टी, पट्टीवर पानांचे आकडे आणि एकच ओळ. उदाहरणार्थ, ‘पंचवीस मिनिटं लागतात. मावशीकडे लक्ष ठेव.’ आपुलकीचा मजकूर वेगळ्या कागदावर लिहा. पहिल्या पानावर लिहिलं की ते पुस्तक ना परत करता येतं, ना पुढे कुणाला देता येतं. आणि दिल्यावर ‘वाचलंस का?’ हा प्रश्न महिनाभर बंद. उसनी दिलेली पुस्तकं वहीत लिहून ठेवा, नाव आणि तारीख घालून, पण वही दाखवू नका. भेट दिलेल्या पुस्तकाची तर नोंदसुद्धा नको.

याच अडचणीतल्या इतरांसाठी थोडं. परदेशातून व्हिडिओ कॉलवर असा कट्टा चालवणाऱ्यांनी एकच वाचक ठेवावा आणि बाकीच्यांचे माइक बंद ठेवावेत, कारण आवाज उशिरा पोचतो आणि दुसरा वाचक सुरू झाला की पहिल्याचं शेवटचं वाक्य कापलं जातं. मुलांना मराठी वाचनाकडे आणायचं असेल तर स्वतःच्या लहानपणीची पुस्तकं लादण्याआधी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक त्यांच्यापुढे टाका. बालभारतीने ते इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत आणि त्यातलं काय वाचायचं ते मूलच ठरवू शकतं. कुणालाही, कोणत्याही वयात, तीस पानांनंतर पुस्तक सोडून द्यायची मुभा असावी. सोडलेलं पुस्तक पाच वर्षांनी पुन्हा उचललं जाऊ शकतं. ओढूनताणून संपवलेलं सहसा कुणी उचलत नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न: आवडतं आपल्यापाशीच ठेवावं का? ठेवलंत तरी त्यात काही वाईट नाही. जी. ए. स्वतः माणसांत फारसे मिसळत नसत, पुस्तकांवर बोलायचं ते पत्रांतून, मोजक्या माणसांशी. त्या पत्रांचे खंड प्रसिद्ध आहेत. तुम्हाला सोसायटीतल्या चौदा जणांची गरज आहे की जी. एं.वर बोलायला एका माणसाची, याचा विचार करा. एकच माणूस हवा असेल तर तो तुमच्या पत्रात आहेच, वसतिगृहातला. त्याचा सध्याचा ठावठिकाणा तुम्ही लिहिलेला नाही. शोधा, फोन करा.

फोनवर त्याला एक विचारून घ्या: त्या रात्री त्याने कोणती कथा वाचली होती? पत्रात तुम्ही कंदिलाचं वर्णन केलंत, पावसाचं केलंत, कथेचं नाव मात्र कुठेच नाही. ती ‘काजळमाया’तली नसेलच, तर सूनबाईंच्या १९व्या पानाचा दोष त्यांच्याकडे कसा जाईल?